साच्याबाहेरचा उजेड

शिल्प म्हटलं की दगड आठवतो, नाहीतर चौकातला पुतळा. हलवायचा तर क्रेनच मागवावी लागणार. इसामू नोगुचीचाही बराचसा जन्म दगड घडवण्यात गेला. पण १९५१मध्ये हा जपानी-अमेरिकन शिल्पकार जपानातल्या गिफूला पाणकावळ्यांकडून होणारी मासेमारी बघायला गेला, आणि तिथल्या महापौरांनी त्यालाच गळ घातली: आमचा कंदिलांचा धंदा बसत चाललाय, काहीतरी करा. मग तो उरलेलं आयुष्य कागदाचे दिवेही घडवत राहिला. 'आकारी' नावाने ते ओळखले जातात. शंभरावर प्रकार झाले, आणि गिफूत ते अजूनही हातानेच बनतात.

मला त्यांची कृतीच जास्त आवडते. लाकडी पट्ट्यांचा साचा उभा करायचा, त्यावर बांबूची बारीक कामटी वळशावळशाने गुंडाळायची आणि वरून तुतीच्या सालीच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. वाळलं की साचा आतल्या आत सुटा करून तोंडातून एकेक पट्टी बाहेर काढायची. एरवी साच्यातून मूर्ती काढतात. इथे मूर्तीतून साचा काढतात. आपल्या आकाशकंदिलाचा सांगाडा कागदाच्या आत कायमचा बसतो, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर ठेवायला जागा शोधावी लागते. हा गडी घडी होऊन चपट्या खोक्यात जातो.

माझ्याकडचा अर्थातच स्वस्तातली नक्कल. बांबूऐवजी तार, कागदही साधा. अस्सल दिव्यात दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर चढतात तिथे उजेड किंचित दबतो, उभी पुसट रेघ दिसते. तेवढ्या रेघेवरून हात कळतो. हल्ली दुकानांत 'शिल्पाकृती' म्हणून जे काही विकतात त्यातलं बरंचसं दिवा बंद केल्यावर नुसतं अडगळ वाटतं. खरी परीक्षा दुपारची.

१९८६च्या 'व्हेनिस बिएनाले' या आंतरराष्ट्रीय कलामेळ्यात नोगुचीने हे दिवे मांडले. त्याच्या प्रदर्शनाचं नावच 'शिल्प म्हणजे काय?'. जोडीला संगमरवराची, खरोखर घसरता येईल अशी, टनावारी वजनाची घसरगुंडी!

आमच्या घरातला आक्षेप वेगळा आहे: धूळ. पुसता येत नाही, धुता तर नाहीच. मऊ ब्रशने झटकत बसायचं. आईचं म्हणणं, याच्या उजेडात तांदळातले खडे दिसत नाहीत. ते खरंच आहे. निवडणं-टिपणं ती स्वयंपाकघरातल्या ट्यूबखालीच करते.