मराठी शाळेतून फ्रान्सच्या वर्गात

गोव्यात कोणी फॉरेनला निघालं की लोक आधी विचारतात, पोर्तुगीज पासपोर्ट केला काय, मग स्विंडनला का लंडनला, नाहीतर बोटीवर. एमए फ्रेंच झाल्यावर मी फ्रान्सच्या युनिव्हर्सिटीत इंग्लिश शिकवायला जातेय हे आमच्या डिचोलीत सगळ्यांना समजावताना आईच्या नाकी नऊ आले. तिचं एकच म्हणणं होतं, चवथ, म्हणजे गणपती, तरी करून जा गो. पण तिथलं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची माटोळी व्हिडिओ कॉलवरच बघितली.

गाव प्वातिए. युनिव्हर्सिटी 1431 सालची, आणि रस्त्यात बघावं तिकडे स्टुडंट. माझी पोस्ट लेक्त्रीसची, म्हणजे युनिव्हर्सिटीत परकी भाषा शिकवणारीची, तिचं कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचं असतं, नंतर अजून एक वर्ष वाढवता येतं, आणि वर्षाला साधारण 200 तास छोट्या ग्रुपना शिकवायचं. मला जास्त करून फर्स्ट इयरचे बोलण्याचे क्लास होते.

आता खरं सांगायचं ते हे. ही पोरं इंग्लिश वाचतात, ग्रामर येतं, लिहितात पण बरं, आणि बोला म्हटलं की सगळा वर्ग मान खाली घालून बसतो. कोणाला वाटेल आळशी आहेत, मला नाही वाटलं, कारण ती मान मी ओळखते. आमच्याकडे सरकारी प्रायमरी मराठी नाहीतर कोंकणी आणि पाचवीपासून एकदम सगळं इंग्लिश, सायन्सचं उत्तर मला यायचं पण डोक्यात वाक्य जुळवेपर्यंत दुसऱ्याचा हात वर गेलेला असायचा.

म्हणून मी कोणाला उभं करून बोलायला लावलंच नाही. जोड्या करायच्या, दोन मिनिटं बोलायचं, मग जोडीदार बदलायचा आणि तोच विषय परत, तिसऱ्या जोडीदाराकडे जाईपर्यंत वाक्यं आपोआप पळायला लागतात. मध्ये कोणाला अडवायचं नाही, चुका वहीत टिपून शेवटी नाव न घेता बोर्डवर. विषय पण त्यांना राग येईल असे, रविवारी दुकानं बंद असावीत का, टुरिस्टांमुळे गावाचं भलं होतं का. या दुसऱ्या विषयावर गोव्याची मुलगी गप्प बसणार कशी, मीच जास्त बोलायचे.

सुरुवातीलाच एकीने विचारलं, आम्ही ब्रिटिश शिकणार का अमेरिकन. मी नायजेरिया, आयर्लंड आणि आपल्याकडच्या बातम्यांचे ऑडिओ लावले, आणि मी माझ्याच उच्चारात बोलणार हे स्पष्ट सांगितलं. जन्मापासून इंग्लिश बोलणाराच बोलायला शिकवू शकतो हे मला मुळीच पटत नाही, ज्याने ती भीती खाल्लीय त्याला वर्गातली भीती लवकर दिसते.

मार्क 20 पैकी, 10 ला पास, 14 मिळाले तर पोरगं खूष. याची सवय व्हायला मला पहिलं सेमिस्टर गेलं.

ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा युनिव्हर्सिटीत, आत्ता फ्रेंच किंवा इंग्लिश करणाऱ्यांनी जरूर अप्लाय करा. जाहिराती प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या साइटवर वेगवेगळ्या येतात, एमएचं निदान पहिलं वर्ष झालेलं लागतं, सीव्ही आणि पत्र फ्रेंचमधून तयार ठेवा. मला इंटरव्ह्यूत विचारलेलं, अख्खा वर्ग गप्प बसला तर काय कराल. याचं उत्तर आपल्या शाळेतलंच द्या.