किडेपो: माळरानावर जीव असणाऱ्यांसाठी युगांडाचं ईशान्य टोक

युगांडाला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक ब्विंडीला गोरिला बघतात, मर्चिसन फॉल्सला नाईलच्या पात्रात बोटीतून फिरतात आणि परततात. किडेपो व्हॅली राष्ट्रीय उद्यान नकाशाच्या पार ईशान्य कोपऱ्यात, दक्षिण सुदानच्या सीमेला लागून आणि केनियाच्या सीमेजवळ आहे. दिवस कमी पडायला लागले की यादीतून पहिलं तेच गळतं. पण नान्नजच्या किंवा कडबनवाडीच्या गवताळ माळावर दुर्बीण घेऊन तासन्‌तास बसण्यात ज्यांना आनंद वाटतो, त्यांनी युगांडाचा बेत किडेपोपासून आखायला सुरुवात करावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

रस्त्याने जायचं तर कंपाला–गुलू–किटगुम हा मार्ग जवळचा, साधारण 570 किलोमीटर. म्बाले–मोरोटोकडून गेलात तर अंतर 700 च्या आसपास जातं. आम्ही गुलूमार्गे गेलो आणि वाटेत नाकासोंगोलाजवळच्या झिवा गेंडा अभयारण्यात मुक्काम केला. युगांडातले रानातले गेंडे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच संपले होते. झिवामध्ये पांढऱ्या गेंड्यांची पैदास नव्याने सुरू झाली आणि रेंजरबरोबर पायी जाऊन ते बघता येतात. शेजारच्या दलदलीत शूबिल हा जोड्यासारख्या चोचीचा मोठा पक्षीही दिसू शकतो, त्यामुळे हा थांबा चुकवू नका. किटगुममध्ये टाकी पूर्ण भरा, रोख रक्कम काढा, पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन घ्या. पुढे लाल मुरूम आहे. कोरड्या दिवसांत तो नुसती धूळ उडवतो, पावसात मात्र फोर-व्हील ड्राइव्हचीही कसोटी बघतो. अंधार पडायच्या आत पोहोचायचं हा नियम मोडू नका. किडेपो ज्यात येतं त्या करामोजा भागात गुरांच्या चोऱ्यांवरून हत्यारबंद टोळ्यांचा त्रास अधूनमधून होत आलेला आहे, म्हणून निघायच्या आधी उद्यानाचा कारभार बघणाऱ्या युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीकडे रस्त्याची ताजी स्थिती विचारा. खर्चाची तयारी असेल तर एन्टेबेहून छोटी विमानं उद्यानातल्या धावपट्टीवर उतरतात.

1,442 चौरस किलोमीटरच्या या उद्यानाच्या दोन खोऱ्यांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. दक्षिणेच्या नारुस खोऱ्यात उन्हाळ्यातही डबक्यांतून पाणी टिकतं. उत्तरेकडची किडेपो नदी वर्षातला बराच काळ कोरड्या वाळूचा पट्टा असते. त्यामुळे डिसेंबर ते मार्च या काळात उद्यानातले बरेचसे प्राणी नारुसमध्ये गोळा होतात. आफ्रिकी रानम्हशींचे इतके मोठे कळप मी आधी कधी पाहिले नव्हते. गाडी बंद करून थांबलो आणि कळप रस्ता ओलांडत राहिला, त्यांच्या पाठींवर गोचिड्या टिपणारे ऑक्सपेकर पक्षी आणि पायांत गायबगळे. हत्ती आणि हार्टबीस्ट, वॉटरबक, ओरिबी ही हरणांसारखी जनावरं रोज दिसतात. झेब्रे नीट बघा: इथल्या अनेकांच्या मानेवर आयाळच नसते. 2018 मध्ये मर्चिसनहून आणलेल्या जिराफांमुळे इथल्या जिराफांच्या कळपाला बळ मिळालं. सिंहांसाठी सकाळी लवकर खडकाळ टेकाडांचे माथे दुर्बिणीने तपासा, ऊन खायला ते तिथे चढून बसतात.

तरीही पाखरांसाठी यायचं असेल तर गाडी सतत पळवू नका. इथे 470 पेक्षा जास्त जातींची नोंद आहे, आणि त्यांतल्या कित्येक युगांडात दुसरीकडे सहज मिळत नाहीत. एकच उदाहरण सांगतो. सुगरणीसारखी घरटी बांधणाऱ्या पक्ष्यांपैकी एक, पांढऱ्या डोक्याचा बफेलो-वीव्हर, त्याची काटक्यांची ओबडधोबड घरटी बाभळींवर लटकलेली असतात. त्याच घरट्यांत पिग्मी फाल्कन हा मुठीएवढा ससाणा राहतो. बहुतेक गाड्या अशा झाडांखालून सरळ निघून जातात. आम्ही एका झाडासमोर थांबलो आणि बऱ्याच वेळाने तो वाळक्या फांदीवर येऊन बसला. मागून येणाऱ्या गाडीतल्या लोकांनी ‘सिंह आहे का?’ विचारलं आणि ‘नाही’ म्हटल्यावर ते पुढे गेले. जमिनीवर चालणारे अ‍ॅबिसिनियन धनेश, आपल्या नीलपंखाच्या कुळातला लांब शेपटीचा अ‍ॅबिसिनियन रोलर, लाल गळ्याचे वेडे राघू, क्लॅपर्टनचा तित्तर हे सगळे अपोका या उद्यानातल्या मुक्कामाच्या जागेच्या आसपासच भेटतात. आणि हो, आपल्या गल्लीतल्या पिंपळावरचा पोपट युगांडात बघायचा तर पक्षीनिरीक्षक इथेच येतात. ती त्याची आफ्रिकी उपजात.

किडेपो खोऱ्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. वाळूच्या पात्राच्या कडेने ताडांची रांग लागते. आपल्या ताडगोळ्यांच्या झाडाचेच हे आफ्रिकी सगेसोयरे. पुढे हिंगणबेट आणि बाभळींचं विरळ रान सुरू होतं आणि वाट सीमेजवळच्या कानानगोरोकच्या गरम झऱ्यांकडे जाते. पाणी फार नाही, झऱ्यांसाठी म्हणून जाऊ नका. जायचं ते वाटेतल्या उघड्या माळासाठी. युगांडात रानातलं शहामृग दिसायची हीच खात्रीची जागा. सेक्रेटरी बर्डही इथे गवत तुडवत सापाच्या मागावर फिरतो.

आणि कोरी बस्टर्ड. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक, आपल्या माळढोकाच्याच वंशातला. दुपारच्या उन्हात तो एका खुरट्या झुडपाच्या सावलीतून बाहेर आला, मान ताठ, एकेक पाऊल मोजून टाकत. नान्नजच्या अभयारण्याला ज्याचं नाव दिलं, तो माळढोक आता तिथे जवळपास दिसेनासा झाला आहे. ज्यांनी तो कधीकाळी पाहिलाय, त्यांना ही चाल लगेच ओळखू येईल. मला त्या क्षणी खूप आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं. माळ म्हणजे पडीक जमीन, ही आपल्याकडची समजूत किती महागात पडली, ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

अर्थात या राखलेल्या माळाचीही किंमत माणसांनी मोजली आहे. 1962 मध्ये, युगांडाच्या स्वातंत्र्याच्याच वर्षी, उद्यान झालं आणि इथल्या इक जमातीच्या लोकांना त्यांच्या शिकारीच्या रानातून बाहेर पडावं लागलं. आज ते मोरुंगोले डोंगराच्या अंगावर राहतात. त्यांच्या वस्तीपर्यंतची चढण दिवसभराची आणि दमवणारी आहे. जायचं असेल तर स्थानिक वाटाड्यामार्फतच जा, मोबदला ठरवून द्या आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

राहण्यासाठी अपोकाला अथॉरिटीच्या साध्या बांदा, म्हणजे गोल झोपड्या, आणि तंबूची जागा आहे. महागडं लॉजही आहे. बांदांच्या आवारात वॉटरबक आणि झेब्रे चरतात, रात्री मोठी जनावरंही फिरतात, तेव्हा अंधारात खोलीबाहेर एकट्याने पडू नका. शाकाहाऱ्यांनी शिधा बरोबर न्यावा. कंपालात डाळ, पोहे, मसाले सगळं मिळतं. वाटेत चपाती आणि घेवड्याची उसळ जवळपास सगळीकडे मिळते. चपाती तिथे भारतीयांमुळेच रुजली.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड युगांडात शिरताना लागतंच, आणि नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात ठेवतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. निळे आणि काळे कपडे घरीच ठेवा, त्से-त्से या चावऱ्या माश्या या रंगांकडे खेचल्या जातात. जवळ मोठं रुग्णालय नाही, तेव्हा विमानाने हलवण्याचा खर्च धरणारा विमा घ्या. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या असाव्यात, कारण 2009 च्या आधीच्या बऱ्याच ठिकाणी नाकारतात. व्हिसा ऑनलाइन मिळतो. केनियाही जोडणार असाल तर पूर्व आफ्रिकेचा एकत्रित व्हिसा सोयीचा.

प्रवेशशुल्क 24 तासांचं असतं, म्हणून दुपारी आत शिरलात तर दुसऱ्या दिवशीची सकाळची फेरीही त्यातच बसते. पक्षी ओळखणारा रेंजर हवा हे आरक्षणाच्या वेळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळेल तो प्राणी दाखवणाराच मिळतो. पक्ष्यांची ॲप आणि नकाशे गुलूतच उतरवून घ्या. तीन रात्रींपेक्षा कमी वेळ असेल तर या खेपेला किडेपो सोडा आणि पुढच्या वेळी फक्त त्याच्यासाठी या.