हिरेबेणकलच्या डोंगरावरची दगडी घरे

आम्ही लिंगायत असल्यामुळे आमच्यात दफन करतात. मळ्यातल्या विहिरीजवळ आजोबांची समाधी आहे. चार फाडी दगड आणि वर एक जाड फरशी, एवढेच ते बांधकाम. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेणकलच्या शिलास्मारकांचे, म्हणजे मृतांसाठी उभारलेल्या प्राचीन दगडी बांधकामांचे, छायाचित्र पाहिले तेव्हा मला प्रथम हीच समाधी आठवली, आणि गेल्या हिवाळ्यात मी व माझा चुलतभाऊ मिरजेहून रात्रीच्या गाडीने हुबळीला आणि तेथून पुढे गंगावतीकडे निघालो.

डोंगर चढताना वाटाड्याने अस्वलांच्या भीतीने मोठ्याने बोलत राहण्यास सांगितले. आजी घरात कानडीच बोलत असल्याने त्याचे बोलणे मला बरेचसे कळत होते. झाडी आपल्या मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरासारखीच काटेरी, मात्र दगड काळा नव्हे, तांबूस ग्रॅनाइटचा.

माथ्याजवळ झुडपांतून एकदम ही घरे दिसू लागतात. लहानमोठी मिळून ती ४०० च्या आसपास आहेत. काही गुडघ्याएवढी, तर काही माणसाहून उंच. उभ्या फरश्यांच्या भिंती, वर छताची एकच शिला आणि कित्येकांच्या एका भिंतीत कोरलेले गोल भोक. गावकरी त्यांना मोर्य नावाच्या बुटक्या लोकांची घरे म्हणतात. अभ्यासक त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी ८०० ते २०० असा मानतात. अशा प्रत्येक स्मारकात अस्थी सापडतातच असे नाही, त्यामुळे काही निव्वळ स्मरणार्थ उभारली असावीत. लोखंड वापरणाऱ्या त्या लोकांनी एवढ्या सपाट शिला कशा काढल्या, हे कोडे मला तेथील खडक पाहून थोडे सुटले, कारण ग्रॅनाइटचे थर पापुद्र्यासारखे सुटतात आणि खाणीच्या जागाही जवळच आहेत. गुप्तधनाच्या लोभाने मोडलेली घरे पाहून मात्र संताप आला.

एका उंच खडकावर नगाऱ्यासारखा मोठा गोल धोंडा आहे. वाटाड्याने त्यावर दगड आपटताच धातूसारखा नाद उठला, आणि खालच्या रानात कुठेतरी कुत्री भुंकू लागली.

छताच्या शिला एवढ्या उंच चढवल्या कशा, हे मात्र कळेना. घरी परतल्यावर वडिलांना विचारले, आजोबांच्या समाधीवरची फरशी कशी चढवली होती? ते म्हणाले, "भिंतीला लागून मातीचा उतार केला, आठ जणांनी पहारी लावून ती वर सरकवली आणि मग माती काढून टाकली."