तीन गोळ्या आणि पावलांचा आवाज

मी २४ वर्षं फौजेत काढली, मराठा लाइट इन्फंट्री, आणि त्यातली शेवटची आठ-नऊ वर्षं पोरांना हत्यार शिकवण्यात गेली. आमच्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. २०१४ ला पेन्शनवर आलो, मग कल्याणला एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर. तर माझ्या भाच्याचा एक दोस्त शूटिंगच्या लाइनमध्ये आर्ट डिपार्टमेंटला आहे, त्याने एकदा फोन केला की मामा, एका वेब सिरीजला बंदुका कशा धरायच्या ते दाखवायला माणूस पाहिजे, रोजचे पैसे मिळतील, जेवण-नाश्ता त्यांचं. म्हटलं चला, घरी बसून तरी काय करणार. सिरीजचं नाव सांगत नाही, कारण खाली जे लिहिलंय त्यात माझीच चूक जास्त आहे आणि उगाच दुसऱ्याला ताप नको.

पहिल्या दिवशी ऑफिसात स्क्रिप्ट वाचायला बसवलं. डायरेक्टर तिशीतला पोरगा, हुशार, पण त्याने आयुष्यात बंदूक पाहिलेली ती फक्त पडद्यावर. तिसऱ्याच पानावर व्हिलन हिरोला म्हणतो, "इन्स्पेक्टर, सेफ्टी काढायला विसरलास." आणि टेबलावर समोर डमी ठेवलेली ग्लॉक पिस्तुलाची. मी म्हटलं सर, ग्लॉकला अंगठ्याने काढायची सेफ्टी नसतेच, जे काय असतं ते ट्रिगरच्या आत. सगळे गप्प. मग रायटर म्हणाला, "पण लाइन चांगली आहे ना काका." लाइन राहिली, ग्लॉक बदलली.

मग हिरो प्रत्येक वेळी बोलायच्या आधी पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढतो, खटॅक खटॅक. एका सीनमध्ये तीनदा. आता चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, गोळी असताना स्लाइड ओढली की ती गोळी न फुटताच बाहेर पडते. म्हणजे साहेबांनी धमकी देता देता कमीत कमी दोन गोळ्या फरशीवर सांडल्या. मी एवढं म्हटल्यावर सगळे हसले, मलाही बरं वाटलं. एके-४७ वाला सीन तर विचारूच नका. एके मिनिटाला ६०० च्या वेगाने फेकते, मॅगझिनमध्ये गोळ्या ३०, म्हणजे बोट दाबून धरलं तर तीन सेकंदांत रिकामी, आणि इथे व्हिलनचा माणूस अख्खं गोडाऊन फिरतोय तरी चालूच. आणि एक शिपाई इन्सास रायफलने धाडधाड फुल ऑटो, म्हणजे न थांबता, मारतो, जी रायफल आम्ही वापरली तिला सिंगल होतं आणि तीन-तीन गोळ्यांचा बर्स्ट होता, बस.

सगळ्यात जास्त वाद झाला गोळी लागल्यावर माणूस मागे उडण्यावरून. फाइट मास्टरने त्यासाठी दोरी-बेल्टची सगळी तयारी केलेली. मी त्यांना एवढंच म्हटलं, क्रिकेट बघता ना? १६० ग्रॅमचा लेदरचा बॉल १४० च्या स्पीडने बॅट्समनच्या बरगडीत बसतो, तो उडून स्टंपच्या मागे पडतो का? नाही, कळवळतो, वाकतो, फार तर बसतो. पिस्तुलाची ९ एमएमची गोळी सात-आठ ग्रॅमची, हिशोब केला तर तिचा धक्का त्या बॉलच्या निम्मासुद्धा नाही. ती भोक पाडते म्हणून माणूस मरतो, ढकलते म्हणून नाही. आणि ढकललंच असतं तर मारणाराही तेवढाच मागे उडाला असता की. फाइट मास्टर मोठा भला माणूस, तो म्हणाला उस्ताद सगळं बरोबर आहे, पण प्रोड्यूसरने दोरीचे पैसे दिलेत. संपला विषय.

तर हे सगळं चालायचंच. पिक्चर आहे, करमणूक आहे, मला कधी त्याचा राग आला नाही. मला खरं अडलं ते एका छोट्या सीनवर जिथे कोणाचंच लक्ष नव्हतं. हिरो आणि त्याचा खबरी एका पंपरूममध्ये लपलेत, दार उघडून गुंड आत येतो, हिरो तीन गोळ्या घालतो, आणि लगेच, म्हणजे अगदी त्याच क्षणी, खबऱ्याच्या कानात कुजबुजतो, "बाहेर अजून चौघं आहेत, मला पावलांचा आवाज येतोय."

मी म्हटलं सर, हे नाही होणार. सिमेंटच्या बंद खोलीत तीन गोळ्या मारल्यावर पावलं सोडा, शेजारी उभ्या माणसाने आईवरून शिवी दिली तरी ऐकू येणार नाही. गोळीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, १४० च्या पुढे एका झटक्यातसुद्धा कान कायमचा जाऊ शकतो. माझ्याकडेच बघा. आमच्या वेळी एसएलआर रायफल, नंतर इन्सास, कानात फार तर कापसाचा बोळा, तोही पोरं घालायची नाहीत, मर्दानगी आडवी यायची. रायफल उजव्या खांद्याला लावली की मान तिरकी होते, डावा कान नळीच्या बाजूला येतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. त्यामुळे माझा डावा कान जवळजवळ कामातून गेलाय, रात्री सगळं शांत झालं की त्यात रातकिडा ओरडतो. बायको माझ्या डाव्या बाजूला झोपते, ती काय बोलते ते मला गेली पंधरा वर्षं माहीत नाही.

डायरेक्टर हसला. "मग सायलेन्सर लावू?" म्हटलं लावा, पण तो सिनेमातला फुस्स आवाज नसतो हो, सायलेन्सर २०-३० डेसिबल खाणार, उरतो तो चांगला टाळकं हलवणारा.

हिरोने मात्र हे सगळं फार मनावर घेतलं. नवीन पोरगा, मेहनती, सकाळी साडेपाचला उठून रनिंग करणारा. तो म्हणाला मला खरं अनुभवायचंय, नाहीतर चेहऱ्यावर ते येणार नाही, आपण आग आणि आवाज नंतर कॉम्प्युटरवर टाकण्यापेक्षा एक खरा ब्लँक मारू. मी नको म्हटलं. ब्लँकमध्ये पुढची गोळी नसते, पण दारू असते, आग असते, गरम गॅस असतो आणि बंद करायला लावलेला बूच असतो. १९८४ ला अमेरिकेत जॉन-एरिक हेक्सम नावाच्या नटाने सेटवर कंटाळा आला म्हणून गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला, कवटीचं हाड आत गेलं, वाचला नाही. आणि २०२१ ला न्यू मेक्सिकोत अॅलेक बाल्डविनच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून, जे रिकामं समजून दिलेलं, खरी गोळी सुटून कॅमेरा सांभाळणारी हॅलिना हचिन्स गेली. हे सांगितल्यावर आमचा डीओपी, म्हणजे मुख्य कॅमेरामन, जो तोपर्यंत मोबाईलमध्ये होता, त्याने मोबाईल खिशात ठेवला.

शेवटी ठरलं असं की एकच ब्लँक, कमी दारूचा, नळी कोणाकडेच नाही तर कोपऱ्यातल्या भिंतीकडे, कॅमेऱ्यापुढे ॲक्रिलिकची शीट, आणि आत असणाऱ्या प्रत्येकाच्या कानात बोळे. मी हो म्हटलं. इथे मी हो म्हणायला नको होतं, पण म्हटलं.

जागा होती अंबरनाथकडची एक बंद पडलेली फॅक्टरी, तिच्या तळघरातली पंपरूम, बारा बाय दहा, चारी बाजू काँक्रीट. लायसन्सवाल्या सप्लायरचा माणूस पेटी घेऊन आला, वही काढली, १२ ब्लँक मोजून दाखवले. मी पिस्तूल हातात घेतलं, मॅगझिन काढली, स्लाइड मागे, चेंबरमध्ये बोट फिरवलं, हिरोला दाखवलं, डायरेक्टरला दाखवलं, सप्लायरच्या माणसाला दाखवलं. फौजेत याला जाँच शस्त्र म्हणतात, दिवसातून चार वेळा करावं लागलं तरी कोणी कंटाळत नाही. इथे मागून एक असिस्टंट म्हणाला, "काका, लाइट जातेय." तळघरात कसला दिवसाचा उजेड जातोय? पण असो.

फोमचे नारिंगी बोळे सगळ्यांना वाटले. कसे घालायचे तेही दाखवलं, आधी दोन बोटांत चोळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, मग आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा. स्पॉट दादाला हसू येत होतं. मी हिरोच्या डाव्या बाजूला, दोन पावलं मागे. त्याच्या डाव्या कानात नारिंगी टोक दिसलं, मी अंगठा वर केला. रोल साउंड, रोल कॅमेरा, अॅक्शन.

खोलीत आवाज झाला असं म्हणता येणार नाही, खोलीच आवाज झाली. छताची धूळ आणि चुन्याचे पापुद्रे आमच्या डोक्यावर. दोनेक सेकंद कोणी हललं नाही. मग हिरोने सीन पुढे नेला, शाबास पोरा, खबऱ्याकडे वाकला आणि कुजबुजायचं सोडून जीव खाऊन ओरडला, "बाहेर अजून चौघं आहेत!!" त्याला स्वतःला कळलंच नाही आपण ओरडतोय ते. खबरी झालेला नट फिस्सकन हसला, मागे दोघं-चौघं हसले, डायरेक्टरसुद्धा. मीपण. कट.

आणि मग बघितलं तर हिरो हसत नव्हता. उजव्या कानावर तळवा दाबून भिंतीला टेकलेला, चेहरा पांढरा, डोळ्यांत पाणी. मी जवळ गेलो तर त्याच्या उजव्या कानात बोळा नव्हताच.

झालं असं होतं की शॉटच्या आधी कंटिन्युटीवाल्या पोरीने मॉनिटरवर बघून सांगितलं, सर, कानात ऑरेंज दिसतंय. कॅमेरा उजवीकडे. हिरोने त्या बाजूचा बोळा काढून खिशात टाकला, एकाच कानाचा काढतोय, काय होतंय. मी डावीकडे उभा होतो, मला डावाच दिसला. ती पोरगी तिचं काम करत होती, तो त्याचं करत होता. रेंजवर मी फायरिंगच्या आधी लाइनीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचो, एकेक माणूस, एकेक हत्यार, दोन्ही बाजूंनी. इथे एकच माणूस होता, तेवढ्याला प्रदक्षिणा घातली नाही.

तो सारखं विचारत होता, "शिट्टी वाजतेय काका, ही थांबणार ना?" मी म्हटलं थांबेल. मला माहीत नव्हतं थांबेल का, माझी तर थांबली नव्हती, पण त्याला काय तेव्हा ते सांगणार? आणि तो मोठ्याने विचारायचा, मी उजवा कान त्याच्याकडे करून ऐकायचो, त्याला आता डाव्यानेच नीट ऐकू येत होतं म्हणून तो डावा पुढे करायचा, अशी आमची मान फिरवाफिरवी चाललेली. बाजूने कोणी बघितलं असतं तर दोन कोंबडे वाटले असतो.

प्रॉडक्शनवाल्यांनी गाडी काढली, कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. इकडे सप्लायरचा माणूस वही उघडून उभा, ११ ब्लँक परत आले, एक फुटला, पण त्याची रिकामी पुंगळी? फौजेत एक खोखा कमी पडला म्हणून अख्खी प्लाटून उन्हात गवत चाळत बसलेली मी बघितलीय, मीच बसवलीय. मोबाईलच्या टॉर्चवर मी आणि स्पॉट दादा त्या ओल्या फरशीवर गुडघ्यावर रांगत वीस मिनिटं. पंपाच्या बुडाशी नटबोल्टच्या मधे सापडली. वहीत सही केली. सही करताना मनात आलं, पुंगळी बरोबर मोजली, बोळे मोजले नाहीत.

डॉक्टरने कानाची टेस्ट केली, काही फ्रिक्वेन्सीला ऐकणं खाली गेलंय, पण पडदा शाबूत, आठ-दहा दिवस शांत ठिकाणी राहा, हेडफोन बंद, परत या. मी हिरोला रोज संध्याकाळी फोन करायचो. तिसऱ्या दिवशी म्हणाला शिट्टी कमी झालीय. नवव्या दिवशी म्हणाला काका, आज सकाळी उठलो तर नव्हती, मी बाल्कनीत जाऊन कबुतरं ऐकली. दुसऱ्या टेस्टमध्ये रिपोर्ट नॉर्मल आला. मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसलो थोडा वेळ.

तो सीन पुढच्या शेड्यूलला परत घेतला. रबरी पिस्तूल, आवाज नाही, आग नाही, तोंडाने कोणीतरी "ठो" म्हणायचं. मी डायरेक्टरला विचारलं, आता तरी ते पावलांचं वाक्य काढणार ना, निदान त्याला कान झटकताना दाखवा, खबरी काहीतरी बोलतोय आणि ह्याला कळत नाहीये असं दाखवा, भारी वाटेल. त्याला आवडलं पण. म्हणाला, बघतो एडिटला.

सिरीज आली. आम्ही चिंचवडला मुलीकडे गेलो होतो तेव्हा सगळे मिळून बघायला बसलो. शेवटच्या यादीत माझं नाव येणार म्हणून जावयाने भेळ आणलेली. पंपरूम आली. हिरोने स्लाइड ओढली, खटॅक, मग अजून एकदा खटॅक. तीन गोळ्या, गुंड उडून दाराबाहेर. दोरीचे पैसे वसूल. मग हिरो खबऱ्याकडे वाकला, ओठ हलले. मी आवाज ४० वर नेला तरी काही कळेना. उजवा कान टीव्हीकडे केला, तरी नाही. शेवटी नातीला विचारलं, काय म्हणाला गं तो?

ती म्हणाली, आबा, तो म्हणाला की त्याला पावलांचा आवाज येतोय.