मानेतला अर्धा थाऊ

साउथ डकोटाच्या पश्चिम भागातील एका लहान कार्यशाळेत मी रायफलींना नव्या नळ्या बसवण्याचे आणि त्यांत चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची पोकळी, कापण्याचे काम करतो. लेथवर हात बसला तो पुण्यात आयटीआयमध्ये आणि बंदुकीचे शिक्षण झाले ते कोलोरॅडोतील ट्रिनिडाडच्या महाविद्यालयात. आमचे बहुतेक गिऱ्हाईक गुरे पाळणारे आहे. त्यांच्या कुरणांत प्रेअरी डॉग नावाचा, खारीच्या कुळातला, बिळे करून राहणारा प्राणी वसाहती करतो आणि गुरांचे गवत खातो. कोकणातला बागायतदार वानरांविषयी जसे बोलतो, तसेच हे लोक त्याच्याविषयी बोलतात. उभा राहिला तरी हा प्राणी वीतभराहून थोडाच उंच आणि चार बोटे रुंद असतो. त्याला तीनशे यार्डांवरून टिपायचे म्हणून या रायफली खास बनवून घेतल्या जातात.

गेल्या जूनमध्ये सत्तरीचे एक गृहस्थ आपल्या दिवंगत भावाची .२२-२५० रेमिंग्टन या काडतुसाची रायफल घेऊन आले. नळी झिजली होती. त्यांना त्याच अ‍ॅक्शनवर (नळीमागच्या यंत्रणेवर), त्याच काडतुसाची, ‘भावाने करून घेतली होती अगदी तशीच’ नवी नळी हवी होती, कारण या उन्हाळ्यात नातू प्रथमच त्यांच्याबरोबर कुरणात जाणार होता. बोलता बोलता त्यांनी सांगितले की अलीकडे बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणारा दांडा, बंद करताना तळहाताने ठोकावे लागते आणि झाडल्यानंतर तो उघडतानाही अडतो. हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले, की दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या आमच्या मालकांनी मानही वर केली नाही.

मी त्यांच्याकडून झाडलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचे, मागून घेतल्या. या धंद्यात एक साधी परीक्षा आहे, जी करायला कोणतेही यंत्र लागत नाही: झाडलेल्या पुंगळीच्या मानेत, म्हणजे बुलेट धरणाऱ्या अरुंद तोंडात, त्याच मापाची नवी बुलेट बोटांनी सोडली, तर ती सैलपणे आत उतरली पाहिजे. दारू पेटली की मान फुगते, बुलेटला सोडते आणि चेंबरच्या भिंतीला टेकते. दाब ओसरल्यावर पितळ किंचित आत येते, पण मूळ मापापर्यंत परतत नाही. त्या दिवशी मी सात पुंगळ्या तपासल्या आणि सातहींच्या तोंडावर बुलेट अडकून उभी राहिली. प्राइमर, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोप्या, चपटे होऊन कडेपर्यंत पसरले होते, आणि पुंगळ्यांच्या बुडावर एजेक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या, भोकाचा गोल ठसा चकाकत होता. दाब फार चढल्याच्या या खुणा.

मग चेंबरचा साचा काढला. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात, जो पाणी उकळण्याच्या आतच वितळतो. ओतल्यावर तो आधी आकसतो आणि पुन्हा वाढत जाऊन साधारण तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाला येतो, म्हणून घाई करणाऱ्याला तो हमखास खोटे माप देतो. मी घड्याळ लावून तासभर थांबलो आणि मायक्रोमीटर लावला. चेंबरची मान ०.२५१५ इंच भरली. गृहस्थांच्या खोक्यातील कारखान्याची काडतुसे मोजली, तर त्यांच्या माना ०.२५१५ पासून ०.२५२५ पर्यंत होत्या आणि बहुतेक ०.२५२० च्या आसपास होत्या. म्हणजे चेंबरपेक्षा काडतूस अर्धा थाऊ मोठे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हा शब्द मी पुण्याहूनच आणला आहे. मानेला फुगायला जागाच उरली नव्हती. बुलेट चिमटीत धरल्यासारखी राहते, सुटायला उशीर होतो आणि तेवढ्यात मागचा दाब भलताच चढतो. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर हे शेकडो वेळा घडले होते.

भावाची चूक नव्हती. ते प्रत्येक पुंगळीची मान कटरवर फिरवून भिंत १२.५ थाऊपर्यंत उतरवत असत. बुलेट २२४ थाऊ, दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून २५, एकूण २४९. चेंबरमध्ये अडीच थाऊ मोकळीक राहत होती आणि रायफल उत्तम मारत होती. ते गेले आणि ते ज्ञान त्यांच्याबरोबर गेले, कारण ज्या कारागिराने ती मान कापली त्याने नळीवर काडतुसाचे नाव उमटवले, मानेचे माप उमटवले नाही. मी नळी दिव्याखाली चारही बाजूंनी पाहिली. चार आकड्यांचे पंच मारायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे ज्याने वाचवली, त्याला मी कारागीर म्हणू शकत नाही.

नव्या नळीबाबत मी त्यांना .२२३ रेमिंग्टन सुचवले. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत दिवसाला दोन-तीनशे फैरी सहज झडतात; .२२-२५० मध्ये दर फैरीला पस्तीस ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे लहान माप) आसपास दारू जळते, .२२३ मध्ये पंचविसाच्या आसपास, आणि हा फरक नळीच्या घशाला, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढच्या भागाला, सोसावा लागतो. धक्काही इतका कमी, की दुर्बिणीतून आपलाच नेम लागताना दिसतो, जे शिकणाऱ्या मुलासाठी फार मोलाचे आहे. .२०४ रूगरचाही विचार झाला. २००४ साली आलेले हे काडतूस ४० ग्रेनची बुलेट सेकंदाला ३९०० फुटांनी फेकते. पण या दोन्ही काडतुसांचे बूड लहान असते, भावाच्या बोल्टचे तोंड मोठे, आणि त्यांना तोच बोल्ट हवा होता. बोल्टला जागी धरणाऱ्या कड्यांवर दाबाची खूण नव्हती, म्हणून मला नाही म्हणता आले नाही. काडतुसाबाबत मी हरलो.

मानेबाबत मात्र हटलो नाही. मालकांचे म्हणणे पडले, की गिऱ्हाईक पैसे देते तर मागेल ते कापून द्यावे. शिवाय घट्ट मानेने नेम सुधारतो, हा समज इथे फार पक्का आहे. बेंचरेस्ट, म्हणजे बाकावर रायफल टेकवून नेम साधण्याच्या स्पर्धेत, तो खराही आहे. तिथे सहा मिलिमीटरच्या पीपीसी नावाच्या काडतुसाला ०.२६२ ची मान कापतात आणि प्रत्येक पुंगळी हाताने घडवतात. पण कुरणात ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीनशे यार्डांवर ५५ ग्रेनच्या बुलेटला सहा-सात इंच ढकलतो, तिथे मानेतील एका थाऊने काय साधणार? मी गृहस्थांना बाकाशी बसवले, साचा हातात दिला आणि त्यांचेच काडतूस त्यांनाच मोजायला लावले. त्यांनी दोनदा मोजले. “म्हणजे मी नातवाच्या हातात हे देणार होतो,” असे म्हणून ते बराच वेळ बोलले नाहीत.

नवी मान ०.२५५ कापली. पहिल्या फैरीची पुंगळी मी त्यांच्या हातात दिली आणि बुलेट तिच्यात त्यांनीच सोडली. ती टिचकीसरशी आत गेली. माप मी नळीवर, बाहेरून दिसेल अशा जागी पंच केले.

त्या रात्री मी आमची जुनी नोंदवही काढली. सुरुवातीच्या दोन वर्षांत मी चार घट्ट माना कापल्या होत्या. माप चारहींवर उमटवले होते. पण एका गिऱ्हाइकाला पॉलिश केलेल्या नळीवर अक्षरे नको होती, म्हणून मी ते खालच्या बाजूला, लाकडाआड झाकले जाईल असे मारले होते. तेव्हा मला ते योग्य वाटले होते. तिघांशी फोनवर बोलणे झाले आणि तिघांनाही आपापले माप पाठ आहे. चौथा, लाकडाआडचा, त्याने रायफल विकली आहे आणि कोणाला विकली ते त्याला आठवत नाही.