सुरुलेरेतल्या बुक्यात अमाला

नोकरीनिमित्त नायजेरियातल्या लागोसला आल्यावर कचेरीतले सहकारी दुपारी ‘बुका’त जेवायला जाण्याचे बोलू लागले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पंढरपूरचा काळा बुकाच येत असे. येथे बुका म्हणजे गल्लीतली साधी खानावळ, आणि ती बहुधा बाईच चालवते म्हणून तिला लाडाने ‘मामा पुट’, म्हणजे ‘बाई, वाढा’, असेही म्हणतात.

लागोसच्या सुरुलेरे भागात आम्ही जातो त्या बुक्यात चार टेबले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दाराशी धडधडणारा जनरेटर एवढाच थाट आहे. मोठमोठ्या पातेल्यांपाशी बसलेल्या बाईंना शिजवलेल्या पिठाचे किती गोळे आणि मांसाचे किती तुकडे हवेत ते सांगायचे, आणि त्या हिशेबाने पैसे मोजायचे.

मी अमाला मागवला. आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला याम सोलून, अर्धवट शिजवून, वाळवून दळला की त्याचे फिकट पीठ होते. तेच उकळत्या पाण्यात घोटले की काळपट तपकिरी होते. ताटलीतला गोळा पाहून प्रथम नाचणीची उकडच वाटली. त्यावर तागाच्या पाल्याचे, भेंडीसारखे तार धरणारे हिरवे एवेदू, सोललेल्या चवळीचे घोटून केलेले पिवळे ग्बेगिरी आणि मिरचीचा लालभडक रस्सा असे तिन्ही एकत्र वाढले होते. या त्रिकुटाला योरुबा भाषेत ‘अबुला’ म्हणतात. ग्बेगिरी जिभेवर येताच वरणाची आठवण झाली, पण एवेदूतल्या आंबवलेल्या बियांचा, म्हणजे इरूचा, उग्र वास आल्यावर ती फार टिकली नाही; सुकटीच्या वासावर वाढलेल्या माणसाला मात्र तो परका वाटू नये.

उजव्या हाताने जेवायचे असल्याने मी निर्धास्त होतो, आणि तेथेच फसलो. मी घास चावू लागताच शेजारचा सहकारी हसला आणि म्हणाला, “ओगा (म्हणजे साहेब), चावायचे नाही, गिळायचे!” अशा गोळ्यांना येथील इंग्रजीत ‘स्वॅलो’च म्हणतात. घास बोटांनी वळून, त्याला अंगठ्याने खळगा पाडून, त्यात रस्सा भरून तो थेट घशाखाली सोडायचा असतो, आणि बत्तीस वेळा चावण्याची लहानपणची सक्ती मोडायला मला तीन घास लागले.

नायजेरियाबाहेर जोलोफ भाताचेच कौतुक अधिक होते आणि तो चांगला असतोही; पण माझ्या मते बुक्याची पारख अमालावरून करावी, कारण त्यात गुठळी राहिली तर ती गिळताना लगेच कळते. शाकाहारी मंडळींनी मात्र चौकशी करूनच जेवावे, कारण निव्वळ चवळीच्या वाटणाऱ्या पदार्थातही सुकी मासळी असू शकते.

जेवणाआधी आलेला पाण्याचा वाडगा शेवटी पुन्हा आला. हात धुतले, तरी पाम तेलाची केशरी झाक नखांच्या कडांना संध्याकाळपर्यंत राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला न विचारताच दोन गोळे वाढले, आणि पैसेही दोन गोळ्यांचेच घेतले.