मॅग्नेशियम कमी आलं? आधी खारटपणा मोजा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका डाईंगमध्ये मी लॅब बघते. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम घालवणं हे तिथलं माझं निम्मं काम. बोअरचं जड पाणी तसंच रंगाला घेतलं, तर सोडा ॲश पडल्या पडल्या कार्बोनेटचा साका धरतो, टॉवेलवर ठिपके येतात, शेड मार खाते. सॉफ्टनरच्या पाण्याचा हार्डनेस ५० पीपीएमच्या वर गेला की मला हाक आलीच. आणि घरी हॉलमध्ये समुद्री जिवांसाठी खाऱ्या पाण्याची २०० लिटरची टाकी, तिचा हार्डनेस ६,००० च्या वर! आमच्या डाईंग मास्तरांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "काय ओ मॅडम, हितं काढायचं आन् घरी विकत आणून घालायचं?" आता यावर काय बोलणार.

दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तो विषयच नको. माझ्याकडे लेदर कोरल आणि झोआंथिड हे दगडी सांगाडा नसलेले मऊ जीव, आणि खडकांवर गुलाबी कोरलाईन शेवाळ. या शेवाळाच्या कवचात कॅल्साईटबरोबर (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकाबरोबर) मॅग्नेशियमही जातं, लेदर कोरलच्या अंगातल्या बारीक काट्यांतही जातं. पण खाऊन संपतं म्हणून मी ते मोजते असं नाही.

समुद्राच्या पाण्यात, खारटपणा ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार) असताना, लिटरमागे साधारण १,२९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं आणि कॅल्शियम ४१० च्या आसपास. एवढं कॅल्शियम आणि एवढं कार्बोनेट एका पाण्यात असलं की रसायनशास्त्राच्या हिशेबानं खाली साका धरायला हवा. धरत नाही, कारण कॅल्साईटचा कण वाढायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं. भरल्या एसटीच्या दारातच उभा राहणाऱ्या गड्यासारखं. मागच्यांना आत शिरता येत नाही. मॅग्नेशियम बरंच उतरलं की हा गडी गायब. मग तुम्ही कॅल्शियम आणि केएच (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) कितीही घाला, ते पंपाच्या पंख्यावर आणि हीटरवर पांढरं होऊन बसतं. केएच टिकतच नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी पहिलं मॅग्नेशियम विचारते.

मध्यंतरी माझ्या टाकीचं रीडिंग ११८० आलं. अशा वेळी सगळे थेट पावडरीच्या डब्याकडे जातात. मी खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, खारटपणा ३२. आता १,२९० ला ३५ नं भागा आणि ३२ नं गुणा: ११७९. म्हणजे मॅग्नेशियम कमी नव्हतंच, अख्खा समुद्रच पातळ झाला होता. स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, जरा ओला चालत होता, फेसाबरोबर पाणीही जास्त काढत होता. तो रोज खारं पाणी काढत होता आणि पातळी राखणारा ऑटो टॉप-अप त्या जागी गोडं भरत होता. तेव्हाच १३०० करायला पावडर ओतली असती, तर खारटपणा परत ३५ वर आणल्यावर आकडा १४०० च्या पुढे गेला असता. रिफ्रॅक्टोमीटर मात्र ३५ च्या स्टँडर्ड द्रावणावर जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून वरचा आकडा बरोबरच असेल असं नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात याच्या उलट होतं. हवा कोरडी, त्यामुळं टाकीवर साधा पंखा लावला तरी पाणी चांगलं थंड राहतं, पण भराभर उडतं. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. भर घालायची राहिली की सगळे आकडे उगाचच वर. भर घालताना घरच्या आरओच्या नळाचं पाणी घेऊ नका. बऱ्याच घरगुती आरओत मिनरल कार्ट्रिज असतं, किंवा टीडीएस (विरघळलेले क्षार) ॲडजस्टरमधून कच्चं पाणी परत मिसळतात. मी त्याच्या आधीच टी-जोड काढून, उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली आहे.

खारटपणा ३५ आहे आणि तरीही ११८० आलं, तर मग खरंच घालायचं. १३०० ला १२० कमी, गुणिले २०० लिटर, म्हणजे २४ ग्रॅम मॅग्नेशियम. मॅग्नेशियम क्लोराईड हेक्झाहायड्रेटमध्ये ते १२ टक्के असतं, म्हणून २०० ग्रॅम पावडर. आरओच्या पाण्यात विरघळवायची, दोन-तीन दिवसांत वाटून जोराच्या प्रवाहात सोडायची. डाळिंबाला ड्रिपमधून देतात ते मॅग्नेशियम सल्फेट इथं खताच्या कुठल्याही दुकानात मिळतं, आणि स्वस्त आहे म्हणून मोह होतोच. पण समुद्रात क्लोराईड सल्फेटच्या सातपट असतं. नुसतं सल्फेट घालत राहिलात तर ते प्रमाण बिघडतं. शिवाय खताच्या पोत्यात आणखी काय आहे, ते पोत्यावर लिहिलेलं नसतं. मी क्लोराईडच घेते, लॅब ग्रेडचं.

टेस्ट किटमध्ये बहुतेकांचं चुकतं ते शेवटच्या थेंबांत. तत्त्व आमच्या लॅबमधल्या ईडीटीए टायट्रेशनचंच: रंग बदलेपर्यंत सिरिंजमधून थेंबाथेंबानं द्रावण घालायचं. लालसर रंग जांभळा झाला की लोक थांबतात. जांभळा म्हणजे अजून बाकी आहे. एकेक थेंब टाका, दरवेळी हलवा, लालसर छटा पूर्ण जाऊन निळं झालं की मगच सिरिंज वाचा. सिरिंजच्या टोकात हवेचा बुडबुडा नाही ना, हे सुरुवातीलाच बघा. माझ्या टाकीला महिन्यातून एकदा मॅग्नेशियम मोजणं पुरतं, ते सावकाश उतरतं. केएच मात्र मी दर रविवारी बघते.